काळ्या पडलेल्या स्टर्लिंग कफलिंक: माझा अनुभव

सोलापुरात मंगळवार पेठेतल्या एका जुन्या सामानाच्या दुकानात कफलिंकची जोडी मिळाली, अगदी काळीठिक्कर. मागे भिंग लावलं तर चालता सिंह आणि जहाजाचा नांगर! म्हणजे इंग्रजी स्टर्लिंग, बर्मिंगहॅमचा छाप. ९२.५ टक्के चांदी, बाकी बहुतेक तांबं.

घाईघाईत एका कफलिंकवर टूथपेस्ट घासली आणि बारीक ओरखडे उमटले. ते काही जात नाहीत, अजून जीव हळहळतो.

दुसरीसाठी काचेच्या वाडग्यात अ‍ॅल्युमिनियम फॉइल पसरली, वर चमचाभर खायचा सोडा, चिमूटभर मीठ आणि उकळतं पाणी. कफलिंक फॉइलला टेकलेलीच हवी. सडक्या अंड्यासारखा वास आला की समजायचं, काम चालू आहे: काळ्या थरातलं गंधक अ‍ॅल्युमिनियमकडे जातं, चांदी जागेवरच राहते. मिनिटभरात बाहेर काढली, कारण वेलबुट्टीच्या खाचांतला काळेपणा मला हवाच होता. नक्षी त्यानेच उठून दिसते.

आई म्हणाली, "मोत्यांचं काही त्यात बुडवू नकोस हं." खरंच नका बुडवू.

पुसायला आपल्या चादरीचा तुकडा खरखरीत पडतो. आजीच्या विरलेल्या सुती लुगड्याचा घेतला. रबरबँडने मात्र बांधू नये, त्यातही गंधक असतं.