शब्द सख्खे की उसने? द्राविड भाषांचं नातं तपासण्याची रीत

तमिळ 'पाल्', तेलुगू 'पालु', कन्नड 'हालु'. तिन्हींचा अर्थ दूध. ऐकायला जवळचे वाटतात, पण तेवढ्यावर नातं ठरत नाही. तमिळ 'ओन्ड्रु' आणि इंग्रजी 'वन' यांतलं साम्यही निव्वळ योगायोगाचं आहे. कन्नडमध्ये 'प'च्या जागी 'ह' दर वेळी येतो का, हे पाहायचं.

आधी चाळीस-पन्नास शब्दांची यादी करा: डोळा, कान, तोंड, दगड, मूळ, वाघ, मी, तू, एक ते पाच. देवधर्म, कारभार, बाजार यांतले शब्द घेऊ नका. ते भाषेभाषेत सहज फिरतात. तमिळ, तेलुगू, कन्नड, मल्याळम या चार मोठ्या भाषांशेजारी गोंडी, कोलामी, झारखंड-छत्तीसगडातली कुडुख आणि बलुचिस्तानातली ब्राहुई यांनाही रकाने द्या. देवनागरीत लिहिताना ऱ्हस्व आणि दीर्घ 'ए', 'ओ' वेगळे दाखवा, कारण यांतल्या बहुतेक भाषांत तेवढ्या फरकाने अर्थ बदलतो.

आता आडवं वाचा. वाघ: तमिळ 'पुलि', कन्नड 'हुलि'. फूल: 'पू', 'हूवु'. तोंड: 'वाय्', 'बायि'. मूळ: 'वेर्', 'बेरु'. म्हणजे कन्नडमध्ये प→ह आणि व→ब असे दोन नियम हाती लागले. जुन्या कन्नडमध्ये दूध 'पाल्'च होतं, म्हणून जुनं रूप मिळालं तर तेही शेजारी लिहा. आणि आजच्या कन्नडमध्ये 'प'ने सुरू होणारा शब्द दिसला की थबका: 'पुस्तक', 'पूजे' हे संस्कृतातून आलेले आहेत.

नियम मोडल्यासारखा वाटला तर शब्द लगेच खोडू नका. कान कन्नडमध्ये 'किवि', तमिळ-तेलुगूत 'चेवि'. 'इ', 'ए' यांच्याआधीचा 'क' या दोघींत 'च' झाला. मग पोपट तमिळमध्ये 'किळि' कसा राहिला? स्वरानंतर 'ळ'सारखं मूर्धन्य (जीभ मागे वळवून उच्चारायचं) व्यंजन असलं की तमिळमध्ये हा बदल होत नाही. तेलुगूत ही अट नाही, तिथे 'चिलुक' झालं. अशा अपवादाला कारण सापडलं की नियम उलट भक्कम होतो.

ब्राहुईत डोळा 'ख़न', दगड 'ख़ल'. तमिळमध्ये 'कण्', 'कल्'. आकड्यांत मात्र पहिले तीनच तिचे स्वतःचे: असिट, इरट, मुसिट. चारपासून पुढचे बलुची-फारसी वळणाचे. त्या तिघांच्या आणि डोळा, दगड अशा मूळ शब्दांच्या जोरावर ती द्राविड ठरते. 'चार'वर अडखळून तिला बाहेर काढलं तर फसाल.

स्वतःची यादी झाली की बरो आणि एमेनो या भाषाशास्त्रज्ञांच्या द्राविड व्युत्पत्तिकोशाशी (दुसरी आवृत्ती, १९८४) ताडून पाहा. तिथे एका मुळाचे शब्द एका क्रमांकाखाली मिळतात.

मराठी शब्द तपासताना विशेष जपा. 'अडकित्ता' कन्नड 'अडकत्तरि'शी जुळतो: 'अडके' म्हणजे सुपारी, द्राविड, 'कत्तरि' मात्र संस्कृत 'कर्तरी'. एकाच शब्दात दोन कुळं. 'आपण' आणि 'आम्ही' हा फरक तमिळ 'नाम्' आणि 'नांगळ्' यांत, तेलुगू 'मनमु' आणि 'मेमु' यांत जसाच्या तसा आहे, म्हणून तो द्राविड शेजाराचा परिणाम मानतात. पण शेजारामुळे कूळ बदलत नाही. मराठीचे आकडे, सर्वनामं, क्रियापदांची ठेवण इंडो-आर्यच आहे.

या तक्त्यावरून माणसांचा वंश मात्र काढू नका. ब्राहुई बोलणारे लोक जनुकीयदृष्ट्या शेजारच्या बलुचींच्या अगदी जवळचे आहेत, दक्षिणेतल्या लोकांच्या नव्हेत.