वॉलेटमध्ये यूएसडीटी दिसतात, पण पुढे पाठवता येत नाहीत: माझा अनुभव

मी दुबईत, दादा कळव्याला. आईच्या औषधांसाठी दादाच्या नव्या वॉलेटवर (क्रिप्टो ठेवायच्या ॲपवर) ३०० यूएसडीटी, म्हणजे डॉलरशी जोडलेलं क्रिप्टो चलन, ट्रॉन नेटवर्कवरून पाठवले. रक्कम दिसत होती, पण ती विकायला एक्स्चेंजला (क्रिप्टो खरेदी-विक्रीच्या ॲपला) पाठवताना दर वेळी व्यवहार फसायचा. दादाने ॲप पुन्हा टाकून पाहिलं, फोन बदलला. फीसाठी इथेरियम हे दुसरं क्रिप्टोही घेतलं, पण ट्रॉनवर ते चालतच नाही. चार रात्री डोळ्याला डोळा लागला नाही.

कारण असं: ट्रॉनवर फी यूएसडीटीतून कापली जात नाही, ट्रॉनचं स्वतःचं चलन टीआरएक्स लागतं. दादाकडे ते शून्य होतं.

आधी ट्रॉनस्कॅनवर (ट्रॉनवरचे व्यवहार दाखवणाऱ्या साइटवर) दादाच्या वॉलेटचा पत्ता तपासला (तो इंग्रजी टी अक्षराने सुरू होतो). मग मी माझ्या एक्स्चेंजवरून त्याच पत्त्यावर ३० टीआरएक्स पाठवले. ते पोचल्यावर दादाने एक्स्चेंजच्या डिपॉझिट पानावर टीआरसी-२० (म्हणजे ट्रॉन नेटवर्क) निवडून पत्ता कॉपी केला, आधी फक्त १० यूएसडीटी पाठवले, ते जमा झाल्यावरच उरलेले. एक्स्चेंजची किमान डिपॉझिट मर्यादा आधी बघा, चाचणीची रक्कम त्याहून कमी नको.

मदत करतो म्हणून कुणी वॉलेटचे १२ गुप्त शब्द (ज्यांनी वॉलेट उघडता येतं) मागितले तर अजिबात देऊ नका. विकताना तेव्हाच्या आयकर कायद्याच्या कलम १९४एसखाली १% टीडीएस (आधीच कापला जाणारा कर) कापला गेला. तो दादाच्या २६एएसमध्ये (आयकर खात्याच्या कर-कपातीच्या नोंदीत) दिसला.