रिटर्नमध्ये भलत्याच वर्षाचे आकडे गेले? दुरुस्त करताना या चुका टाळा

माझ्या बहिणीने ठेवींवरचं व्याज आणि त्यावर कापलेला टीडीएस 26 एएसमध्ये (आयकर खात्याकडचा तुमच्या कापलेल्या कराचा उतारा) बघून आयकर रिटर्नमध्ये भरला. पगार 2024-25 चा, म्हणून तिथेही 2024-25 निवडलं. पण 26 एएसमधली ती वर्षांची यादी असेसमेंट इयरची (कमाईच्या आर्थिक वर्षानंतरचं, कर आकारणीचं वर्ष) असते, म्हणजे तिच्यासमोर उघडले ते 2023-24 चे आकडे. एआयएसमध्ये (आयकर पोर्टलवरचा तुमच्या उत्पन्न-व्यवहारांचा वार्षिक तपशील) मात्र आर्थिक वर्ष निवडायचं असतं. तिला हवं होतं 26 एएसमध्ये 2025-26 आणि एआयएसमध्ये 2024-25. भल्याभल्यांची इथे गफलत होते. म्हणून निवडलेल्या वर्षावर विसंबू नका, प्रत्येक नोंदीची तारीख तुमच्या कमाईच्या वर्षाच्या 1 एप्रिल ते 31 मार्चमध्ये बसते का, ते बघा.

चूक लक्षात आल्यावर घाईने रिवाइज्ड (सुधारित) रिटर्न भरायला बसू नका. आधी ई-व्हेरिफिकेशन झालंय का ते पाहा. झालं नसेल तर पोर्टलवर ‘डिस्कार्ड’चा पर्याय मिळतो, तो रिटर्न काढून टाकून नव्याने भरता येतो.

व्हेरिफिकेशन झालं असेल तर कलम 139(5) खाली रिवाइज्ड रिटर्न. त्यात मूळ रिटर्नचा पावती क्रमांक आणि तारीख लागते. फक्त चुकलेला आकडा नव्हे, सगळं उत्पन्न पुन्हा भरायचं, कारण नवा रिटर्न जुन्याची जागा घेतो. आणि 30 दिवसांत पुन्हा ई-व्हेरिफाय करायचं. हे शेवटचं पाऊल राहून गेलं की सगळी मेहनत फुकट जाते. 143(1) ची सूचना (रिटर्न तपासून आयकर खातं पाठवतं ती) आली म्हणजे दार बंद झालं, असा अनेकांचा समज असतो. तसं नाही, मुदतीत असाल तर तरीही रिवाइज करता येतं. त्याऐवजी कलम 154 चा रेक्टिफिकेशन अर्ज करू नका. तो रेकॉर्डवरून उघड दिसणाऱ्या चुकांसाठी आहे, राहिलेलं उत्पन्न दाखवण्यासाठी नाही.

असेसमेंट इयर 2025-26 साठी रिवाइज करायची मुदत 31 डिसेंबर 2025 होती. ती हुकली तर अपडेटेड रिटर्न उरतो, पण त्यात 25 ते 70 टक्के जादा कर पडतो. शिवाय कर कमी करायला किंवा परतावा वाढवायला तो चालत नाही.

अख्खा रिटर्नच चुकीच्या असेसमेंट इयरमध्ये गेला असेल तर रिवाइज करून वर्ष बदलत नाही. योग्य वर्षाचा रिटर्न वेगळा भरावाच लागतो. वर्ष चुकलं ते कर भरल्याच्या चलनात, तर रिटर्नला हात लावण्याआधी चलन करेक्शन करा. वर्ष बदलण्यासाठी पोर्टलवर चलन भरल्यापासून 7 दिवसच मिळतात, त्यानंतर तुमच्या असेसिंग ऑफिसरकडे (तुमची प्रकरणं बघणारा आयकर अधिकारी) अर्ज करावा लागतो.

1 एप्रिल 2026 पासून नव्या आयकर कायद्यात ‘टॅक्स इयर’ आलं आहे, तिथे विशेष जपा. असेसमेंट इयर 2026-27 म्हणजे मार्च 2026 ला संपलेल्या वर्षाचं उत्पन्न. टॅक्स इयर 2026-27 म्हणजे एप्रिल 2026 ला सुरू झालेल्या वर्षाचं.