मे महिन्यात सांगलीला पाहुणे येतात तेव्हा

आमच्या वन्सं ठाण्याला असतात. दर मे महिन्यात त्या, भाऊजी, सूनबाई आणि दोन नातवंडं आठ दिवस आमच्याकडे सांगलीच्या गावभागात राहायला येतात. सुरुवातीला मला वाटायचं, एवढ्या लांबून आलेत तर सगळं दाखवलं पाहिजे. सकाळी दहाला डबे भरून निघायचो. एका वर्षी तासगावहून भर दुपारी दोनला परत येताना वन्संना ऊन लागलं. चक्कर, उलट्या, पुढचे दोन दिवस अंथरुणात. त्या एका शब्दाने बोलल्या नाहीत, पण मला फार लागलं. तेव्हापासून मी दिवस उन्हाच्या हिशोबाने लावते: उजाडल्यापासून साडेनऊपर्यंत बाहेर, साडेनऊ ते पाच घरात, पाचनंतर पुन्हा बाहेर. सांगलीत मे महिन्यात पाहुणे येणार असतील तर एवढं एक पाळा.

तयारी आठवडाभर आधी सुरू करावी. जादा गाद्या दोन दिवस गच्चीवर उन्हात टाकाव्यात. नवा माठ घेतला तर पहिले दोन-तीन दिवस पाणी भरून ओतून द्यावं, नाहीतर मातीचा वास येतो. पन्ह्याचा गर उकडून साखर घालून फ्रीजमध्ये ठेवला की कुणीही आलं तरी पाच मिनिटांत पन्हं होतं. आणि फोनवरच विचारून घ्यावं, कुणाला कसलं पथ्य आहे, कोण रात्रीचं जेवत नाही. भाऊजींना साखर आहे, म्हणून त्यांच्यासाठी ताक वेगळं ठेवते.

रात्रीच्या महालक्ष्मी एक्सप्रेसने मंडळी सकाळी पोचतात. पहिल्या दिवशी काही म्हणजे काही ठरवू नये. अंघोळी, ज्वारीची भाकरी, झुणका, खर्डा आणि झोप. संध्याकाळी फक्त गणपतीला जाऊन यायचं. कृष्णेकाठचं हे मंदिर पटवर्धनांनी बांधलं, 1844 साली पुरं झालं. दर्शन झालं की मोठी माणसं आवारात निवांत बसतात, पोरं पळतात, आणि प्रवासाचा शीण तिथेच उतरतो.

दुसऱ्या दिवशी सहाला उठवून पोरांना घाटावर न्यावं. 1929 सालचा आयर्विन पूल सकाळच्या उन्हात फार देखणा दिसतो. पाण्यात मात्र उतरू देऊ नका. मे महिन्यात पात्र शांत दिसतं, पण आपल्या कृष्णेत मगरी आहेत आणि शहराजवळही दिसतात. आमची पोरं पायरीवर बसून बगळे मोजतात. परत आल्यावर मी त्यांना जिन्याखालची भिंत दाखवते. तिथे पेन्सिलीने रेघ मारलेली आहे, 2019 च्या ऑगस्टमधल्या पाण्याची. पुलापाशी इशारा पातळी 40 फूट, धोक्याची 45, आणि तेव्हा पाणी 57 फुटांवर गेलं होतं. धाकटा त्या रेघेला पाठ लावून उभा राहतो. रेघ अजून त्याच्या डोक्याच्या वर आहे.

आता दुपारचं. साडेनऊ ते पाच माणसं घरात बसून करणार काय, ही धास्ती प्रत्येक घरात असते. माझं उत्तर वाळवण. ठाण्याच्या फ्लॅटमध्ये त्यांना ऊन मिळत नाही, आपल्या गच्चीवर ते भरभरून आहे. पाहुणे येण्याच्या आदल्या दिवशी कुरडयांचे गहू भिजत घालते, म्हणजे बरोबर बेत बसतो. तीन दिवस रोज पाणी बदलायचं, चौथ्या दिवशी गहू वाटून चीक काढायचा आणि रात्रभर निवू द्यायचा. पाचव्या दिवशी पहाटे वरचं पाणी हलक्या हाताने ओतून दिलं की खाली पांढराशुभ्र घट्ट चीक राहतो. जितका चीक तितकं पाणी मीठ-हिंग घालून उकळायचं, चीक ओतताना एकीने ओतायचा आणि दुसरीने ढवळायचं. हात थांबला की गुठळ्या झाल्याच. ढवळायला वन्संच. आमच्या सासूबाईंनी त्यांना शिकवलेला हात आहे तो. चीक शिजून काचेसारखा झाला की पहिली वाटी पोरांची, वर तूप आणि साखर. मग सात वाजायच्या आत सोऱ्या घेऊन गच्चीवर. पोरांना एक कोपरा नेमून द्यावा, वेड्यावाकड्या का होईना त्यांच्या कुरडया त्यांनाच घालू द्याव्यात. दिवसभर मग कावळे हाकलायचं काम आपोआप मिळतं. जिन्याच्या सावलीत बसून, उन्हात नाही.

मोठ्यांना एका सकाळी मार्केट यार्डात नेऊन आणा. हळदीचे सौदे असतात. लांबूनच वास येतो, आणि हळकुंडांच्या ढिगांपाशी उभं राहिलं की चपलासुद्धा पिवळ्या होतात. हमालांच्या वाटेत उभं राहू नये, त्यांचं काम घाईचं असतं. हीच हळद पूर्वी हरिपूरला पेवांत साठवायचे, जमिनीखालच्या मोठ्या खड्ड्यांत. 2005 च्या पुरात त्यांत पाणी शिरलं आणि फार नुकसान झालं. ही गोष्ट हरिपूरच्या रस्त्यावर सांगावी, चिंचांच्या सावलीतून जाताना. तिथे कृष्णा-वारणेचा संगम आणि संगमेश्वराचं देऊळ आहे. संध्याकाळी साडेपाचला निघालात तर सूर्य पाण्यावर उतरताना सापडतो. नाटकाची आवड असलेल्यांना एवढं सांगितलं तरी पुरतं की नाटककार देवल याच हरिपूरचे, आणि विष्णुदास भाव्यांनी 1843 साली मराठीतला पहिला नाट्यप्रयोग केला तो सांगलीत.

मिरजेसाठी एक अख्खी संध्याकाळ ठेवा. मीरासाहेबांच्या दर्ग्यात गायक अब्दुल करीम खाँसाहेबांची कबर आहे, उरुसात तिथे गवई हजेरी लावतात. तिथून सतारमेकरांच्या दुकानांकडे चालत जावं. मागच्या वर्षी एका कारागिराने आमच्या नातीच्या हातात सतारीसाठी वाळवलेला भोपळा दिला. एवढा मोठा, पण तिला तो कागदासारखा हलका लागला. मग त्यांनी शेजारच्या तयार तंबोऱ्याची तार छेडली आणि तिचा हात लाकडावर ठेवला. ती बराच वेळ हात काढेना. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, ते व्हायलाच हवं होतं. दुकानात गिऱ्हाईक असेल तर थांबावं, आणि हात लावायच्या आधी विचारावं.

तासगावला आता आम्ही सकाळी सहालाच निघतो. गणपतीच्या देवळाला दक्षिणेकडच्यासारखं सात मजली गोपुर आहे, कोवळ्या उन्हात बघावं. येताना बेदाणा घ्यायचा. चार किलो द्राक्षं वाळून जेमतेम किलोभर बेदाणा होतो, हे सांगितलं की भाव ऐकून कुणी दचकत नाही. मुठीत दाबून बघा, चिकटून गोळा झाला तर तो नीट वाळलेला नाही. नऊला घरी.

संध्याकाळी सहाला गच्चीवर दोन बादल्या पाणी मारून ठेवलं की रात्री दहापर्यंत फरशी निवते, मग सगळ्यांच्या गाद्या वरच. वन्संना पहाटेचा गारवा बाधतो, त्यांच्या उशाशी गोधडी ठेवावी.

निघायच्या आदल्या दिवशी बांधाबांध. भडंग घरीच करते: चुरमुरे उन्हात कडक करून घ्यायचे, तेलात शेंगदाणे आणि ठेचलेला लसूण खमंग होऊ द्यायचा, कढीपत्ता, तिखट, मीठ, शेवटी पिठीसाखर. पूर्ण गार झाल्याशिवाय डब्यात भरू नये, मऊ पडतं. कुरडया पत्र्याच्या डब्यात, तळाशी आणि वर कागद घालून. पोरांनी घातलेल्या वेगळ्या पुडीत, नाव लिहून. बेदाणा, हळद. वन्संची खणानारळाने ओटी. आणि भडंगाचा एक छोटा डबा पिशवीत सगळ्यात वर, कारण गाडी कराडला पोचायच्या आत पोरं तो मागतात.