फ्राय आणि लिपशिट्झची मैत्री दहा मिनिटांत कशी सांगायची

वाचनकट्ट्यावर किंवा वर्गात ही गोष्ट सांगणार असाल तर सुरुवात नाझींच्या ताब्यातल्या फ्रान्समधून पळून जाण्यापासून करू नका, सगळे तिथूनच करतात आणि मग नुसता थरार उरतो. आधी जाक लिपशिट्झ काय सोडून जाणार होता ते सांगा. लिथुआनियातून १९०९ला पॅरिसला आलेला ज्यू शिल्पकार, तीस वर्षं काम तिथं, स्टुडिओ तिथं, आणि १९४०ला जर्मन सैन्य आलं तेव्हा दक्षिणेत तुलूझला गेलेला. फ्रान्स सोडायची त्याची बिलकूल इच्छा नव्हती, हे श्रोत्यांना नीट कळू द्या.

मग व्हेरियन फ्रायला आणा. ३२ वर्षांचा अमेरिकन पत्रकार, ऑगस्ट १९४०ला दक्षिण फ्रान्समधल्या मार्सेय बंदरात पोचला तेव्हा जवळ ३००० डॉलर्स आणि धोक्यात असलेल्या कलाकार-लेखकांची साधारण २०० नावांची यादी, आला काही आठवड्यांसाठी, राहिला १३ महिने आणि जवळपास २००० लोकांना फ्रान्समधून बाहेर पडायला मदत केली. आकडे एकदाच सांगा, पटकन. निघा म्हटल्यावर चित्रकार मार्क शागालनं अमेरिकेत गायी आहेत का असं विचारलं तो किस्सा फार गोड आहे, पण तो घेतलात की लिपशिट्झ मागे पडतो.

वेळ द्यायचा तो पत्रांना. फ्राय तुलूझला पत्रं पाठवत राहिला, कडक भाषेत, निघा म्हणून. लिपशिट्झनं पुढे स्वतःच म्हटलंय की त्या पत्रांमुळेच मी निघालो, एका अर्थी माझा जीव मी त्याला देणं लागतो. इथे थांबा आणि समोरच्यांना विचारा, घर सोडायला तयार नसलेल्या माणसाला आपण किती वेळा सांगितलं असतं? मला तरी हा सगळ्यात मोलाचा भाग वाटतो.

१९४१ला लिपशिट्झ न्यूयॉर्कला पोचला, तिथं गोष्ट संपवू नका प्लीज, मैत्री खरी दिसते ती नंतर. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये फ्रायला फ्रान्समधून हाकललं, मायदेशी त्याची फारशी कदर झाली नाही, शेवटी तो शाळेत लॅटिन शिकवायचा. साठच्या दशकात निर्वासितांच्या मदतनिधीसाठी चित्रांचा एक आल्बम करायचं त्यानं घेतलं आणि वाचवलेल्या कलाकारांच्या मागे लागला, तेव्हा लिपशिट्झनं आपलं काम दिलं. फ्रायबद्दल तो म्हणायचा, शर्यतीचा घोडा दगडांच्या गाडीला जुंपलेला. हे वाक्य सावकाश म्हणा.

फ्राय १९६७ला गेला. आल्बम पुरा झाला १९७१ला, त्यात लिपशिट्झचं चित्र आहे, जमलं तर त्या चित्राचा फोटो शेवटी दाखवा आणि थोडा वेळ तसाच स्क्रीनवर राहू द्या.