कूलंटमधून इंजिन आणि गिअरबॉक्स आधीच गरम करताना

उणे १५ अंशांखाली रात्रभर उघड्यावर राहिलेली गाडी सुरू करण्याआधी कूलंट (इंजिन थंड ठेवण्यासाठी त्यात फिरणारं द्रव) गरम करणं उत्तमच. इंजिन बंद असताना कूलंट फिरवता येतं. ऑटोमॅटिक गिअरबॉक्समधलं तेल मात्र फिरत नाही, कारण त्याचा पंप इंजिनावरच चालतो. म्हणून दोघांची सोय वेगवेगळी करावी लागते.

इंजिनासाठी स्वतःचा पंप असलेला १००० वॉटचा विजेचा हीटर घ्या. बिनपंपाचा स्वस्त पडतो, पण त्यात कूलंट फक्त गरम होऊन वर चढल्यामुळे फिरतं. तो इंजिनाच्या तळाच्या पातळीला, आउटलेट वर ठेवून बसवला नाही तर आत हवा अडकते आणि कोरडं पडलेलं एलिमेंट (हीटरचा तापणारा भाग) जळतं.

इंजिन पूर्ण थंड असतानाच रेडिएटरचं झाकण उघडा आणि कूलंट काढून घ्या. हीटरचं इनलेट इंजिन ब्लॉकच्या (इंजिनाच्या मुख्य ठोकळ्याच्या) ड्रेन प्लगच्या, म्हणजे कूलंट काढायच्या बुचाच्या जागी जोडा. आउटलेट इंजिनाकडून केबिन हीटरला जाणाऱ्या होसमध्ये टी-जोडाने घ्या. हा होस बहुधा १६ किंवा १९ मिमीचा असतो, पण मोजूनच सामान आणा. भरताना निम्मं इथिलिन ग्लायकॉल कूलंट, निम्मं डिस्टिल्ड पाणी. हे मिश्रण साधारण उणे ३७ पर्यंत तग धरतं. जास्त ग्लायकॉल म्हणजे जास्त संरक्षण, हा मोठा गैरसमज आहे. नुसतं ग्लायकॉल उणे १३ च्या आसपासच गोठतं. मग केबिन हीटर पूर्ण गरमवर ठेवून थर्मोस्टॅट (गरम झाल्यावरच कूलंट रेडिएटरकडे सोडणारी झडप) उघडेपर्यंत इंजिन चालवा, थंड होऊ द्या, पातळी पुन्हा भरा. त्यानंतरच हीटरला वीज द्या.

२० मिनिटांनी दोन्ही होस हाताने तपासा. आउटलेट गरम आणि इनलेट कोमट असेल तर कूलंट फिरतंय. आउटलेटला चटका, इनलेट थंडगार आणि आतून गुडगुड असेल तर हवा अडकली आहे. लगेच बंद करा. केबल अर्थिंगची, तीन तारांची हवी आणि ती सायलेन्सर व पंख्यापासून लांब बांधा. दोन-तीन तास पुरतात, म्हणून टायमर लावा.

आता गिअरबॉक्स. थर्मोस्टॅट बंद असतो तोवर रेडिएटरमधल्या तेलाच्या कूलरपर्यंत गरम कूलंट पोचतच नाही. त्यासाठी केबिन हीटरच्या परतीच्या होसवर प्लेट हीट एक्स्चेंजर (कूलंटची उष्णता न मिसळता तेलाला देणारं उपकरण) बसवा आणि गिअरबॉक्सचं तेल कूलरमधून आल्यावर त्यातून परत न्या. तेलाच्या बाजूला तेलासाठीचाच होस वापरा, कूलंटचा होस तेलाने फुगतो. इंजिन सुरू झालं की तेल झटपट गरम होतं. उभ्या गाडीतही ते गरम हवं असेल, तर गिअरबॉक्सखालच्या तेलाच्या लोखंडी पॅनच्या तळाला २५० वॉटचा सिलिकॉन पॅड चिकटवा; प्लास्टिकच्या पॅनला नको.

पहिल्या आठवड्यात गिअरबॉक्सची डिपस्टिक (तेल तपासायची पट्टी) किंवा तपासणीचा प्लग रोज बघा. तेल गुलाबी, दुधाळ दिसलं तर एक्स्चेंजर आतून गळतोय. गाडी तिथेच थांबवा, नुसतं तेल बदलून भागत नाही: पाण्याने क्लच प्लेटांचं अस्तर सुटतं.