कंट्रोल पॅनल असं आखा की हात चुकणार नाही

नव्या मशीनचं काम बहुतेक वेळा आतून बाहेर होतं. आधी मोटर, मग सर्किट, मग प्रोग्रॅम आणि शेवटी उरलेल्या जागेत बटणं. पॅनल बिघडतं ते इथेच, कारण बटणांची रांग वायरिंगच्या सोयीने लागते आणि चालवणाऱ्याच्या कामाचा क्रम कुणी विचारातच घेत नाही. इथली पद्धत उलट्या टोकाने सुरू होते. उदाहरणाला एक साधी टाकी घेऊ: द्रव तापवणारा हीटर, ढवळणारी मोटर, तळाशी निचऱ्याचा व्हॉल्व्ह आणि तापमानाचा सेन्सर. मोबाइलवरचं ॲप असो की कारखान्यातलं मशीन, विचाराचा क्रम हाच राहतो.

आधी कामांची यादी

कागदावर चार रकाने आखा: काम, ते किती वेळा करावं लागतं, चुकलं तर काय होतं, चूक मागे घेता येते का. काम चालवणाऱ्याच्या भाषेत लिहा. ‘रिले २ चालू’ असं लिहू नका, ‘ढवळणं सुरू करणं’ असं लिहा. आपल्या टाकीत ढवळणं एका बॅचमध्ये अनेकदा चालू-बंद होतं आणि चुकून बंद झालं तरी फारसं बिघडत नाही. तापमान बॅचला एकदाच ठरतं. चुकलं तर वेळीच बदलता येतं. निचरा एकदाच होतो, पण वाहून गेलेला माल परत येत नाही.

निम्मा आराखडा या यादीतच ठरतो. वारंवार लागणारं बटण हाताशी आणि मोठं. मागे न घेता येणारं काम बाजूला, आणि मुद्दाम थोडं अवघड. यादीत एखाद्या कामासाठी तीन बटणं नेहमी त्याच क्रमाने दाबावी लागत असतील, तर तो क्रम मशीनलाच पाळू द्या. ‘टाकी रिकामी असताना हीटर लावू नये’ अशी पाटी लावण्याची वेळ आली, तर आधी पातळीचा स्विच बसवा आणि द्रव नसताना हीटरला वीजच मिळणार नाही अशी जोडणी करा. पाटी वाचायची राहून जाते, अशी जोडणी मात्र कुणाला चुकवता येत नाही.

कोणत्या कामाला कोणतं साधन

टॉगल स्विचचा मोठा गुण म्हणजे त्याची दांडीच स्थिती सांगते. पण हीच दांडी खोटंही बोलू शकते. ढवळणी प्रोग्रॅममधूनही बंद होत असेल, तर दांडी ‘चालू’वर आणि मोटर मात्र थांबलेली, असं होतं. म्हणून नियम असा: स्थिती फक्त हाताने बदलत असेल तर टॉगल, मशीन स्वतःही बदलत असेल तर दाबून सुटणारं पुश बटण आणि त्यात दिवा.

नॉबचंही तसंच. पोटेन्शिओमीटरच्या (फिरवला की विजेचा रोध बदलणाऱ्या भागाच्या) नॉबवरची खूण वीज नसतानाही आकडा दाखवते. पण तोच आकडा स्क्रीनवरूनही बदलता येणार असेल, तर रोटरी एन्कोडर (कितीही फिरणारा, फक्त टप्पे मोजणारा नॉब) आणि डिस्प्ले घ्या. एन्कोडरला एका फेरीत बहुधा २० किंवा २४ टप्पे असतात. एका टप्प्याला एक अंश ठेवला, तर २५ वरून ८५ अंशांवर जायला ६० टप्पे म्हणजे २० टप्प्यांच्या नॉबच्या तीन पूर्ण फेऱ्या होतात. वैताग येईल. जोरात फिरवल्यावर टप्पा पाच अंशांचा करा, हळू फिरवल्यावर एकाचा, आणि कमाल मर्यादेला आकडा थांबवा. तो पुन्हा शून्यावर उडी मारता कामा नये.

उजवीकडे फिरवलं, वर ढकललं, उजवीकडे सरकवलं की वाढ. हे संकेत मोडू नका. एक सापळा मात्र लक्षात ठेवा. हाताने फिरवायचा व्हॉल्व्ह उजवीकडे फिरवला की बंद होतो, आणि विजेचा नॉब उजवीकडे फिरवला की वाढतो. दोन्ही गोल आणि शेजारीशेजारी ठेवले, तर घाईत चूक होणारच. दोघांचे आकार वेगळे करा आणि मध्ये अंतर सोडा.

आकाराने चुका टळतात हे दुसऱ्या महायुद्धातच दिसलं होतं. अमेरिकेच्या बी-१७ बॉम्बफेकी विमानात चाकं आणि फ्लॅप (पंखांच्या मागच्या कडेच्या झडपा) यांचे स्विच सारखेच आणि शेजारी होते. उतरल्यावर फ्लॅप मिटायला गेलेले वैमानिक चाकंच वर घेत. मानसशास्त्रज्ञ अल्फॉन्स चपानीस यांचा उपाय साधा होता: चाकांच्या दांडीला चाकासारखी मूठ, फ्लॅपच्या दांडीला पाचरीसारखी. न बघता हाताला फरक कळू लागला. आपल्या टाकीत ढवळण्याला गोल बटण द्या आणि निचऱ्याला झाकणाआडची लांब दांडी.

मांडणी आणि मापं

पॅनलवरची जागा आणि मशीनवरची जागा जुळली पाहिजे. हीटर टाकीच्या डाव्या अंगाला असेल, तर त्याचं बटण डावीकडे. निचरा तळाशी, म्हणून त्याची दांडीही खाली. चौकोनात मांडलेले चार बर्नर आणि एका ओळीतले चार नॉब असलेली शेगडी हे न जुळण्याचं ठळक उदाहरण आहे. चपानीस आणि लिंडेनबाउम यांनी १९५९ मध्ये वेगवेगळ्या मांडण्या तपासल्या, तेव्हा बर्नर किंचित तिरपे सरकवून नॉबांच्या क्रमात आणलेली मांडणी सरस ठरली. मांडणीच उत्तर देत असेल, तर लेबल वाचावं लागत नाही.

औद्योगिक पुश बटणं बहुधा २२ मिमीच्या भोकात बसतात. एका गटातल्या बटणांच्या केंद्रांमध्ये ४० मिमी अंतर ठेवा, हातमोजे घालून काम होणार असेल तर ६०. दोन गटांमधलं अंतर गटातल्या अंतराच्या दुप्पट तरी हवं, तरच डोळ्याला गट वेगळे दिसतात; भोवती चौकट आखायची गरज पडत नाही. आकडा दाखवणारा डिस्प्ले नॉबच्या वर लावा. खाली लावला, तर फिरवणारा हात नेमका आकड्यावर येतो. लेबलंही त्याच कारणाने बटणाच्या वर.

इमर्जन्सी स्टॉप

इथे कल्पकता नको. पिवळ्या पार्श्वभूमीवर लाल, छत्रीसारखं बटण, दाबल्यावर अडकून राहणारं. ते जमिनीपासून ०.६ ते १.७ मीटरच्या दरम्यान, मध्ये काही आड न येता हात पोचेल असं लावा. आयएसओ १३८५० हे आंतरराष्ट्रीय मानक यासाठीच आहे. बटण पिळून सोडवल्यावर मशीन आपोआप सुरू होता कामा नये. त्यासाठी ‘सुरू’ वेगळं दाबावं लागलं पाहिजे. बटणाचे संपर्क एरवी जुळलेले असणारे (नॉर्मली क्लोज्ड) घ्या, म्हणजे वायर तुटली तरी मशीन थांबेल. आणि हे सर्किट कॉन्टॅक्टरपर्यंत (मशीनची वीज जोडणाऱ्या-तोडणाऱ्या मोठ्या स्विचपर्यंत) प्रत्यक्ष वायरने न्या. साध्या प्रोग्रॅमच्या भरवशावर सोडू नका, कारण प्रोग्रॅम अडकलेला असतो तेव्हाच हे बटण लागतं.

‘थांबणं’ म्हणजे नेमकं काय, हे प्रत्येक भागासाठी लिहून काढा. हीटरची वीज ताबडतोब जाईल, निचऱ्याचा व्हॉल्व्ह मात्र बंदच राहील. जड फिरणारा भाग असेल, तर आधी ब्रेक लावून मग वीज तोडणं जास्त सुरक्षित ठरू शकतं. रोजच्या बटणांत ‘सुरू’ला लाल आणि ‘बंद’ला हिरवा रंग कधीच नको.

दाबल्यावर काय झालं

माणसाला ०.१ सेकंदात प्रतिसाद मिळाला, तर तो लगेच मिळाल्यासारखा वाटतो. एका सेकंदापर्यंत विचारांची साखळी टिकते. दहा सेकंदांपुढे लक्ष दुसरीकडे जातं. काम दहा मिनिटांचं असलं तरी बटण दाबल्याची पोच ०.१ सेकंदात द्या: टक आवाज, दिवा किंवा दोन्ही. पोच नाही मिळाली की माणूस पुन्हा दाबतो, आणि एकाच बटणाने चालू-बंद होत असेल तर दुसऱ्या दाबाने मशीन बंद होतं.

उलट बाजूने, एकदाच दाबलेलं बटण मशीनला दोनदा दाबल्यासारखं वाटू शकतं. यांत्रिक संपर्क जुळताना काही मिलिसेकंद थरथरतात. बटण दर ५ मिलिसेकंदांनी वाचा आणि सलग चार वेळा तेच आलं तरच खरं माना. हे २० मिलिसेकंद झाले. हा काळ १०० च्या पुढे नेलात, तर बटण जड वाटू लागतं.

आता सगळ्यांत महत्त्वाचं. दिवा आज्ञेवरून लावू नका, घडलेल्या गोष्टीवरून लावा. २८ मार्च १९७९ रोजी अमेरिकेतल्या थ्री माइल आयलंड अणुवीज केंद्रात एक व्हॉल्व्ह उघडा अडकला. पॅनलवरचा दिवा मात्र विझला, कारण व्हॉल्व्ह बंद करण्याचा संकेत गेला एवढंच तो सांगत होता. ऑपरेटरनी व्हॉल्व्ह बंद झाला असं मानलं आणि दोन तासांहून जास्त वेळ अणुभट्टीचं पाणी निसटत राहिलं. म्हणून निचऱ्याच्या व्हॉल्व्हवर दोन लिमिट स्विच (भाग टोकाला पोचला की लागणारे) बसवा, एक पूर्ण उघडल्याचा आणि एक पूर्ण बंद झाल्याचा. हलत असताना दिवा लुकलुकेल, पूर्ण उघडल्यावर स्थिर राहील, पूर्ण बंद झाल्यावरच विझेल. नेहमीच्या वेळेच्या दीडपट वेळ गेली तरी दोन्हींपैकी एकही स्विच लागला नाही, तर बझर आणि संदेश. स्विचचा खर्च वाचवायचा असेल, तर निदान दिव्याखाली ‘आज्ञा दिली’ असं लिहा; ‘उघडा’ लिहू नका.

मोड, संदेश आणि खात्री

एकाच बटणाला दोन मोडमध्ये दोन अर्थ देणं शक्यतो टाळा. टाळता येत नसेल, तर मोड जिथे नजर असते तिथेच दाखवा, कोपऱ्यातल्या बारीक अक्षरांत नाही.

संदेशात तीन गोष्टी हव्यात: काय झालं, मशीन आत्ता कोणत्या स्थितीत आहे, आता काय करायचं. ‘एरर ०७’ याने काही कळत नाही. ‘टाकीत द्रव कमी. हीटर बंद केला आहे. खुणेपर्यंत भरा आणि सुरू दाबा’ यात तिन्ही आलं. थेरॅक-२५ या किरणोपचार यंत्रावर ‘मालफंक्शन ५४’ एवढंच उमटत असे. किरकोळ अडथळे सतत येत असल्याने ऑपरेटरना एक कळ दाबून पुढे जायची सवय लागली होती. १९८५ ते १९८७ या काळात त्या यंत्रावर रुग्णांना प्रचंड मात्रा बसल्याच्या सहा घटना घडल्या. धोक्याचा संदेश आणि किरकोळ संदेश सारखे दिसता कामा नयेत, आणि धोक्याच्या संदेशावर एका कळीने पुढे जाता येता कामा नये.

‘नक्की का?’ हा प्रश्न रोज विचारला की बोट न वाचताच ‘हो’ दाबतं. चूक मागे घेता येत असेल, तर काही विचारू नका, ‘मागे घ्या’ द्या. मागे घेता येत नसेल, तर बटण दोन सेकंद दाबून धरायला लावा. तेवढ्यात पट्टी भरत जावी आणि बोट उचललं की रद्द व्हावं. विचारायचंच असेल, तर उत्तरांत ‘हो’ आणि ‘नाही’ नको. ‘निचरा करा’ आणि ‘राहू द्या’ असं लिहा.

टचस्क्रीन कधी

बदलती माहिती, मोठ्या याद्या, सेटिंग्ज यांना टचस्क्रीन उत्तम. नजर दुसरीकडे ठेवून करायच्या कामाला मात्र ती वाईट, कारण बोटाला कड लागत नाही. २१ ऑगस्ट २०१७ रोजी सिंगापूरजवळ यूएसएस जॉन एस. मॅकेन ही युद्धनौका एका टँकरला धडकली आणि १० नौसैनिक मरण पावले. टचस्क्रीनवरून नियंत्रण एका जागेवरून दुसरीकडे देताना झालेला गोंधळ हे त्यातलं एक कारण होतं. पुढे अमेरिकी नौदलाने वेगाचं नियंत्रण पुन्हा हाताच्या दांड्यांवर न्यायचं ठरवलं.

स्क्रीनवरचं बटण निदान ९ मिमीचं ठेवा. अँड्रॉइडची ४८ डीपी (पिक्सेलच्या दाटीवर न अवलंबणारं माप) ही शिफारस साधारण तेवढीच येते. ॲपलची ४४ पॉइंट आहे. क्रिया बोट उचलल्यावर घडवा, म्हणजे चुकलेलं बोट बाजूला सरकवून सुटता येतं. ‘थांबा’ला हा नियम लावू नका, तिथे स्पर्श होताच थांबलं पाहिजे. ओल्या हातांनी कपॅसिटिव्ह (मोबाइलसारखी, नुसत्या स्पर्शाने चालणारी) स्क्रीन बिथरते, तेव्हा टाकीजवळ ‘ढवळा’ आणि ‘थांबा’ ही खरी बटणं राहू द्या. अक्षर आणि पार्श्वभूमी यांचं काँट्रास्ट गुणोत्तर (उजळपणातल्या फरकाचं प्रमाण) ४.५:१ पेक्षा कमी नको. लाल-हिरव्यातला फरक न कळणारे लोक पुष्कळ असतात, विशेषतः पुरुषांमध्ये. म्हणून रंगासोबत शब्द, आकार किंवा जागाही बदला.

पुठ्ठ्यावर तपासा

भोकं पाडण्याआधी पॅनल खऱ्या मापात पुठ्ठ्यावर काढा, बाटल्यांची झाकणं बटणं म्हणून चिकटवा आणि खऱ्या उंचीवर टांगा. मशीन न पाहिलेले पाच जण बोलवा. त्यांना बटणांची नावं सांगू नका, काम सांगा: ‘७० अंशांवर आणा’, ‘ढवळणं थांबवा’, ‘काहीतरी जळतंय, काय कराल?’ पहिलं बोट कुठे गेलं, हात कुठे थबकला, एवढंच टिपा. मदत करायचा मोह आवरा. मदत केलीत की तपासणी वाया गेली. मग हातमोजे घालून, कमी उजेडात आणि कामाच्या मध्येच दुसरं काही विचारून पुन्हा करा. अर्धवट सोडलेलं काम परत उचलताना पॅनलने स्थिती नीट सांगितली का, ते तेव्हाच कळतं.

पाचांतले दोघे एकाच चुकीच्या जागी गेले, तर लेबल मोठं करून भागवू नका, बटण हलवा. लेबल बदलणं सोपं असतं म्हणून सगळे तेच करतात, आणि चूक तशीच राहते.

मशीन महिनाभर वापरल्यावर पॅनल पुन्हा बघायला जा. चिकटपट्टीवर हाताने लिहिलेलं नाव म्हणजे तुमचं लेबल कळलं नाही. बटणावर चिकटवलेला पुठ्ठा म्हणजे ते चुकून दाबलं जातं. झिजून पुसट झालेलं बटण तुमच्या यादीत क्वचित लागणारं म्हणून कोपऱ्यात गेलं असेल, तर यादी चुकली आहे. त्या खुणांचे फोटो काढा आणि पुढच्या पॅनलची यादी त्यांच्यापासून सुरू करा.